स्टीलच्या गिअरऐवजी कोटिंग केलेला अ‍ॅल्युमिनियमचा गिअर: वजन नक्की कुठून काढायचं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. मशीनच्या सरकत्या हेडवर मोटर आणि एक गिअरजोडी बसवली आहे. पिनियन, म्हणजे जोडीतला लहान गिअर, २० दातांचा, मोठा गिअर ६० दातांचा, मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) २, रुंदी २० मिमी, दोन्ही केस हार्डन केलेल्या (म्हणजे फक्त वरचा भाग जास्त कडक केलेल्या) स्टीलचे. हेड जड असल्यामुळे वेग वाढवता येत नाही आणि थांबताना ते थरथरतं. कोटिंग करणाऱ्यांनी सुचवलंय की मोठा गिअर ७०७५ या मजबूत जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा करा आणि त्यावर ५० मायक्रॉनचं हार्ड अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा कडक थर तयार करणं) करून घ्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कडकपणा साठ रॉकवेल मिळतो, म्हणजे स्टीलच्या बरोबरीचा, आणि वजन जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतं. मोठ्या गिअरवर जास्तीत जास्त टॉर्क ६० न्यूटन-मीटर, वेग मिनिटाला २०० फेरे, काम रोज १६ तास. हे चालेल का?

आधी सरळ उत्तर देतो. या टॉर्कवर आणि रोजच्या सोळा तासांवर मी हा गिअर अ‍ॅल्युमिनियमचा करणार नाही. हाच गिअर, पण टॉर्क पाच-सहा न्यूटन-मीटर आणि मशीन अधूनमधून चालणारं, असं असतं तर कदाचित मीच ‘करा’ म्हणालो असतो. लोड किती, दिवसाला किती वेळा, ग्रीस आहे की कोरडं चालतं, गिअर किती वर्षं टिकायला हवा, यावर हे ठरतं. मात्र तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र झालेत. कोटिंग केल्यावर अ‍ॅल्युमिनियमचा दात स्टीलच्या दातासारखा होतो का, हा एक. हेडचं वजन कसं उतरवायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर बरंच चांगलं आहे, आणि त्यासाठी दातांना हात लावावा लागत नाही.

‘साठ रॉकवेल’ या आकड्यापासून सुरुवात करतो, कारण माणूस फसतो तो तिथेच. रॉकवेल सी मोजताना हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने दाबतात आणि तो किती खोल रुतला ते बघतात. त्या स्केलवरचा एक आकडा म्हणजे दोन मायक्रॉन. शंभरातून साठ गेले, उरले चाळीस. म्हणजे साठ रॉकवेलच्या वस्तूतसुद्धा शंकू ८० मायक्रॉन रुतलेला असतो. तुमचा थर आहे ५० मायक्रॉनचा. मग हा आकडा थरावर घेतला कसा? शंकू थर फोडून खालच्या मऊ धातूत गेला असणार. म्हणून अशा थराचा कडकपणा त्याचा आडवा काप घेऊन, अगदी हलक्या भाराने, मायक्रो-विकर्स या कडकपणाच्या दुसऱ्या मापावर मोजतात. चांगल्या हार्ड अ‍ॅनोडायझिंगला तिथे साधारण ३५० ते ५०० विकर्स मिळतात. केस हार्डन स्टीलचे साठ रॉकवेल म्हणजे जवळपास ७०० विकर्स. पुढच्या वेळी कोणी रॉकवेलचा आकडा सांगितला, तर मोजला कसा एवढंच विचारा.

आता समजा, थर खरंच स्टीलइतका कडक मिळाला. तरीही अडचण उरते, आणि खरी अडचण तीच आहे. दोन दात एकमेकांवर दाबले जातात तेव्हा सगळ्यात मोठा कातर ताण (धातूचे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा) पृष्ठभागावर नसतो, थोडा आत असतो. तुमच्या जोडीचा हिशोब मांडून बघितला. ६० न्यूटन-मीटर भागिले ६० मिमी त्रिज्या, म्हणजे दातावर १००० न्यूटन, २० मिमी रुंदीवर पसरलेले. पिनियन स्टीलचा आणि गिअर अ‍ॅल्युमिनियमचा धरला, तर पिच लाइनपाशी (दाताच्या उंचीच्या साधारण मध्यावर) ताणाचं शिखर पृष्ठभागाखाली सुमारे ६० मायक्रॉनवर येतं. थर ५० मायक्रॉनवर संपला. म्हणजे दाताला सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते नेमकं थराच्या खाली, मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये. हा हिशोब आदर्श दातांचा आहे; सुरू-बंद होतानाचे धक्के, शाफ्टचा वाक आणि दातांमधली चूक धरली की शिखर आणखी खोल जातं.

केस हार्डनिंगशी तुलना केली की फरक लक्षात येतो. मॉड्यूल २ च्या दाताला साधारण ०.४ ते ०.५ मिमी खोलीपर्यंत कडकपणा देतात, म्हणजे तुमच्या थराच्या आठ-दहा पट. शिवाय तो एकदम तुटत नाही, उतरत उतरत गाभ्यापर्यंत जातो, आणि गाभाही तीस-पस्तीस रॉकवेलचा असतो. ताणाचं शिखर त्या कडक भागाच्या पोटातच पडतं. अ‍ॅनोडायझिंगचं तसं नाही. आटलेल्या तळ्याच्या गाळावर उन्हाने पापुद्रा धरतो. पापुद्रा कडक असतो, हाताने खरवडला तर खरवडत नाही. पण पाय ठेवला की फुटतो, कारण खालचा गाळ दबतो. थर घासण्याला उत्तम तोंड देतो. दाबाखाली तो वाकतो तेव्हा मात्र तडकतो, कारण तो ऑक्साइड आहे, ठिसूळ आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूची एक गोष्टही सांगायला हवी. त्याची लवचिकता स्टीलच्या तिप्पट, त्यामुळे संपर्काची पट्टी रुंद होते आणि दाब उतरतो. तुमच्या जोडीत स्टील-स्टीलला जिथे सुमारे ६१५ न्यूटन प्रति चौरस मिमी दाब येतो, तिथे स्टील-अ‍ॅल्युमिनियमला ४४० च्या आसपास येतो. सॉफ्टवेअरमध्ये हे दोन आकडे शेजारी दिसले की बरेच जण तिथेच निर्णय घेऊन टाकतात. पण दाब तीस टक्के उतरला, तर सोसण्याची ताकद त्याच्या कितीतरी पट उतरलेली असते. ७०७५-टी६ (उष्णतेने मजबूत केलेलं ७०७५) चा कडकपणा आहे १५० ब्रिनेल; ब्रिनेल हे आणखी एक माप, पण केस हार्डन स्टीलच्या तो जवळपासही नाही.

असा एक गिअर माझ्याकडे उघडायला आला होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. फीडच्या मशीनवरचा, ७०७५ चा, काळ्या थराचा, चार-पाच महिने चाललेला. तक्रार होती फक्त आवाजाची. झाकण काढलं तर ग्रीस गडद राखाडी झालं होतं. चिमटीत घेऊन चोळलं तर बोटांना कचकच लागली. भिंगाखाली दाताच्या पिच लाइनवर आडव्या बारीक तडा, त्यांच्या मधून थराचे तुकडे उडालेले, आणि दातांची टोकं काळ्याऐवजी चांदीसारखी चकाकत होती. हे अपेक्षितच होतं. पण मी जास्त वेळ बघत बसलो तो पिनियन. स्टीलचा, ५८ रॉकवेलचा, ग्राइंड केलेला. त्याच्या दातावरून नख फिरवलं तर कार्यपट्टी जिथे संपते तिथे नख अडत होतं, इतकी पायरी पडली होती. उडालेला थर म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, ग्राइंडिंग व्हीलमध्ये घालतात त्याच कुळातला. तो ग्रीसमध्ये मिसळला आणि ग्रीसची लॅपिंग पेस्ट (धातू घासायची पेस्ट) झाली. स्वस्तातला गिअर गेलाच, सोबत महागातला पिनियनही गेला.

दाताच्या मुळाचंही बघू. तुमच्या १००० न्यूटनला मुळाशी सुमारे ६० न्यूटन प्रति चौरस मिमी वाकण्याचा ताण येतो. धक्के आणि रुंदीवरचं असमान लोड धरून पावणेदोन पट केलं, तर १०५. मुळाच्या गोलाईपाशी ताण एकवटतो तो यात धरलेलाच नाही. ७०७५-टी६ ची थकव्याची मर्यादा गुळगुळीत नमुन्यावर, ५० कोटी आवर्तनांना, १५९ च्या आसपास दिली जाते. हार्ड अ‍ॅनोडायझिंगने ती लक्षणीय घटते, कारण ठिसूळ थरातली प्रत्येक तड पुढे धातूत शिरायला तयार असते. मी हिशोबात ती निम्मी धरतो, म्हणजे ऐंशीच्या घरात. कागदावरच बसत नाही. तुमचं हेड पुढे-मागे जातं, दातावर दोन्ही बाजूंनी भार येतो, म्हणजे सवलत धरायलाही जागा नाही. मिनिटाला २०० फेरे, रोज १६ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर प्रत्येक दात वर्षाला पावणेसहा कोटी वेळा भार घेतो. आणि स्टीलला जशी एक पातळी असते, जिच्याखाली ते थकतच नाही असं मानून चालता येतं, तशी अ‍ॅल्युमिनियमला नाही. त्याची ताकद आवर्तनांबरोबर उतरतच राहते.

यावर नेहमी विचारलं जातं की रेसिंगच्या मोटरसायकलींना ७०७५ चे स्प्रॉकेट चालतात, मशीनवर अ‍ॅल्युमिनियमच्या टायमिंग पुली सर्रास असतात, मग गिअरलाच काय झालं? स्प्रॉकेटमध्ये साखळीचा रोलर दाताच्या खोबणीत बसतो, खोबणीचा आकार त्याला मिळताजुळता असतो, आणि भार अनेक दातांवर वाटला जातो. पुलीवर तर समोर रबराचा पट्टा असतो. गिअरमध्ये एक किंवा दोन दात, तेही बाहेर फुगलेले, एका रेषेवर टेकतात. शिवाय रेसमध्ये स्प्रॉकेट झिजणार हे गृहीत असतं, ते बदलत राहतात.

आता वजनाकडे येतो. तुमचा मोठा गिअर भरीव आहे असं फोटोवरून दिसतंय. बोअर, म्हणजे मधलं भोक, २५ मिमी धरला तर त्याचं वजन १.७ किलो भरतं. तोच अ‍ॅल्युमिनियमचा केला तर ६०० ग्रॅम. हा फरक बघून कोणालाही मोह होईल. पण त्या १.७ किलोत दातांचा वाटा किती? दातांची उंची ४.५ मिमी. दातांच्या खाली रिम, म्हणजे बाहेरचं कडं, दाताच्या उंचीच्या किमान १.२ पट जाड असावी, म्हणजे ५.४ मिमी, आपण ६ घेऊ. दात आणि रिम मिळून ४७० ग्रॅमही होत नाहीत. बाकी सव्वा किलो स्टील निव्वळ मधली जागा भरतंय.

ते काढा. ४२ मिमी व्यासाचा हब (शाफ्टभोवतीचा भाग) ठेवला तर १४० ग्रॅम. हब आणि रिम यांच्यामध्ये ५ मिमीचं वेब (पातळ तबकडी), त्यात २२ मिमीची सहा भोकं, तर आणखी साधारण १८० ग्रॅम. एकूण ७९० ग्रॅम. दात तेच, स्टील तेच, हीट ट्रीटमेंट तीच, आणि वजन निम्म्याहून खाली. आता अ‍ॅल्युमिनियमच्या ६०० ग्रॅमकडे पुन्हा बघा. त्याचा दात वाचवायला तुम्हाला रुंदी वाढवावी लागेल. दुप्पट केली तर १.२ किलो, वर बोअरमध्ये स्टीलचा बुश (आतली नळी), आणि रुंद झाल्यामुळे लांबलेला शाफ्ट वेगळाच. हलका केलेला स्टीलचा गिअर त्याच्यापेक्षा हलका पडतो. हे गणित मी स्वतः पहिल्यांदा केलं तेव्हा मलाही पटायला वेळ लागला होता, म्हणून तुम्हीही कागदावर करून बघा.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. वजन निम्म्याहून खाली आलं तरी जडत्व तेवढं उतरत नाही, कारण काढलेलं स्टील मध्यभागाजवळचं आहे आणि जडत्व धरून ठेवते ती रिम. माझ्या हिशोबाने भरीव गिअरचं जडत्व १०० धरलं तर हलक्या स्टीलचं ५७ च्या आसपास येतं आणि भरीव अ‍ॅल्युमिनियमचं ३६. तुमची अडचण फिरण्याच्या जडत्वाची असती तर हा मुद्दा मोठा होता. पण तुमचं हेड सरळ रेषेत जातं, थरथर येते ती त्याच्या एकूण वजनामुळे. आणि मोठ्या गिअरचं जडत्व मोटरला जाणवतं ते गुणोत्तराच्या वर्गाने भागून. तुमचं गुणोत्तर तीन, म्हणजे मोटरला त्याचा नववा हिस्साच दिसतो.

गिअर झाल्यावर हेडचे बाकीचे भाग एकेक करून काट्यावर ठेवा. माझा अनुभव असा की गिअरवर महिनाभर चर्चा होते आणि हाउसिंगच्या प्लेटा कोणी उचलूनही बघत नाही. प्लेटा स्टीलच्या असतील तर अ‍ॅल्युमिनियम तिथे वापरा, तीच त्याची खरी जागा. पण प्लेट होती तेवढीच जाड ठेवली तर ती तिप्पट वाकेल, म्हणून रिब द्या. तुमच्या जोडीचं मध्यांतर (दोन शाफ्टच्या केंद्रांमधलं अंतर) ८० मिमी आहे. हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आणि गिअर स्टीलचे असतील, तर ४० अंशांनी तापल्यावर मध्यांतर गिअरपेक्षा सुमारे ०.०३५ मिमी जास्त वाढेल आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) ०.०२५ मिमीच्या आसपास. पोझिशनची अचूकता घट्ट असेल तर गार असतानाचा बॅकलॅश हे धरून ठरवा.

आणखी हलकं हवं असेल तर स्टीलची रिम आणि अ‍ॅल्युमिनियमचा हब-वेब बोल्टने जोडता येतो. मोठ्या व्यासाला ते फार छान जमतं. १२० मिमीला बोल्टांसाठी रिमला आतून कॉलर द्यावी लागते, त्यात वाचवलेले ग्रॅम परत जातात, म्हणून तुमच्यासाठी ते मी सुचवणार नाही. कोणी साधं ईएन ८ स्टील वापरत असेल तर ईएन ३५३ वर जाऊन केस हार्डनिंग करून रुंदीच कमी करता येते. तुम्ही तिथे आधीच आहात.

तरीही तुमच्या मशीनवर दुसरीकडे हलक्या लोडची जोडी असेल आणि तिथे अ‍ॅल्युमिनियम करून बघायचं असेल, तर मी काय करतो ते सांगतो. दोन्ही गिअर अ‍ॅल्युमिनियमचे कधीच नाहीत. समोरचा पिनियन हार्डन केलेला आणि ग्राइंड करून गुळगुळीत, कारण खरखरीत पिनियन थराला खरवडतो आणि मऊ पिनियनला थर खरवडतो. थर ५० ऐवजी २५ मायक्रॉनच. थराचा साधारण अर्धा भाग धातूच्या आत जातो आणि अर्धा बाहेर वाढतो, दाताच्या दोन्ही बाजूंनी. म्हणून २५ मायक्रॉनच्या थराने दात २५ मायक्रॉन जाड होतो. ते हॉबिंग करतानाच (दात कापतानाच) कमी करून ठेवायला हवं, नाहीतर जोडी घट्ट बसते आणि पहिल्याच तासात थर उडतो. थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो, त्यामुळे धारदार कडेवर त्याच्यात फट राहते आणि तिथून तो ढलपतो. दातांची टोकं आणि बाजूच्या कडा आधी गोल करून घ्या. गरम पाण्यात सीलिंग (थरातली सूक्ष्म छिद्रं बुजवणं) नको असं स्पष्ट लिहून द्या. त्याने गंज थांबतो पण थर घासण्याला कमी टिकतो.

आणि कोटिंग कुठलंही असो, ते किती तापमानाला होतं हे आधी विचारा. याकडे हमखास दुर्लक्ष होतं. ७०७५-टी६ ला ताकद मिळते ती १२० अंशांना २४ तास ठेवून. तोच गिअर नंतर २०० अंशांवर किंवा त्याहून वर भाजला, तर थर सुंदर दिसतो आणि खालचा धातू मऊ पडलेला असतो. इलेक्ट्रोलेस निकेलचं (विजेशिवाय, रसायनात बुडवून चढवलेल्या निकेलच्या थराचं) तसंच. थर सगळीकडे सारख्या जाडीचा येतो, दाताच्या कडेला चांगला बसतो, मला तो आवडतो. पण त्याचा पुस्तकातला सर्वोच्च कडकपणा ४०० अंशांच्या भट्टीनंतरचा आहे, आणि ती भट्टी अ‍ॅल्युमिनियमला देता येत नाही.

बोअरमध्ये स्टीलचा बुश घाला आणि की-वे (शाफ्टच्या कीसाठीची खाच) त्यातच काढा. अ‍ॅल्युमिनियममध्ये काढलेला की-वे पुढे-मागे फिरणाऱ्या गिअरवर कडेने चेपत जातो. बुशही नुसता प्रेस करून सोडू नका. २५ मिमीच्या फिटला ६० अंशांनी तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा १६-१७ मायक्रॉन जास्त फुगतं, आणि एच७-पी६ या प्रेस फिटमध्ये पकडच १ ते ३५ मायक्रॉनची असते. फ्लॅंज देऊन बोल्ट किंवा पिना लावा.

गिअर बसवण्यापूर्वी स्पॅन (ठरावीक दातांवरून बाहेरून घेतलेलं माप) मोजून लिहून ठेवा. ६० दातांच्या गिअरला सात दातांवरचा घेतात. पन्नास तासांनी आणि दोनशे तासांनी तोच स्पॅन त्याच दातांवर, चार ठिकाणी मोजा. त्याच वेळी थोडं ग्रीस पांढऱ्या कागदावर बोटाने पसरवून बघा. राखाडी छटा आली किंवा बोटाला कचकच लागली, तर आवाज यायची वाट न बघता तो गिअर काढा आणि पिनियन पूर्ण धुतल्याशिवाय नवीन जोडी लावू नका.

तुमचे दात सरळ आहेत असं धरून मी वेब ५ मिमीचं सांगितलंय. हेलिकल, म्हणजे तिरपे, असतील तर बाजूचा भार येतो आणि एवढं पातळ वेब डोलतं. तसं असेल तर हेलिक्सचा कोन कळवा, मी जाडी पुन्हा काढून देतो. आणि भोकं हीट ट्रीटमेंटच्या आधी पाडणार असाल तर ती सारख्या अंतरावर, सारख्या मापाची ठेवा, नाहीतर क्वेंचिंगमध्ये (तापवून एकदम गार करताना) रिम लंबगोल होईल आणि ग्राइंडिंगचा सगळा अलाउन्स (त्यासाठी जादा ठेवलेला धातू) ती गोल करण्यातच जाईल.